बटाट्याचे ठसे

चुकिपाताच्या बालवाडीत
ऑरेलियाबाईंनी बटाटे अर्धे कापले.
"आपले जुने राष्ट्राध्यक्ष लहानपणी हेच खणायचे,"
म्हणाल्या, आणि ताटलीत तपकिरी रंग ओतला.

मग शाळा, संप, चार वर्षांची कोठडी.
मुलांनी गज उमटवले, वाकडे,
मधून एखादं पोर सहज निसटेल एवढे लांब लांब.
छातीवरचा मानाचा पट्टा सगळ्यांचा पिवळाच;
लाल संपला होता.

इल्दाने गजांच्या अलीकडे
एक माणूस काढला. पोंचो. किल्ल्या.
"हे कोण गं?"
"आमचे आजोबा. तिथे पहाऱ्यावर होते.
रात्री चोरून त्यांना गरम सूप द्यायचे."
बोट पुसत म्हणाली,
"असं आता सांगतात."

बाईंनी कागद वाळत घातला
इतरांच्याच दोरीवर.
किल्ल्यांना रंग फार लागला होता,
संध्याकाळपर्यंत ओलाच.