अर्धी भिंत

बेसा मागे पडलं, पिपळाही.
डांबर संपलं तिथं निखाडेनं गाडी थांबवली.
"रो-हाऊस, दोन मजले, आरएल आहे," म्हणाला,
आणि किंमत हळू सांगितली,
आजाऱ्याच्या खाटेजवळ बोलावं तशी.

मी हप्ते मोजत होतो :
वीस वर्षं, म्हणजे मी एकसष्टचा.
सुनंदिनी पावलं मोजत होती,
दारापासून ओट्यापर्यंत.

"कूलर कुठं बसवायचा?"
निखाडे गप्प.
त्याच्या नकाशात मे महिना नव्हता.
खिडकी पश्चिमेला, अंगणात कोरडी बोअर,
आणि भिंतीवर खडूनं
कुण्या टँकरवाल्याचा नंबर.

मग तिनं सामाईक भिंतीला कान लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी. दुसरी. तिसरी.
एक बाई ओरडली, "गॅस बंद कर नं बे!"
सुनंदिनी हसली.
सहा महिने घरं पाहतोय आम्ही,
आज पहिल्यांदा.

"ही भिंत अर्धी त्यांची नं?"
"हो ताई, अर्धी तुमची."
"मंग अर्ध्या भिंतीचे पैसे कमी करा."

निखाडेनं कपाळ पुसलं.
मी बयाण्याचा चेक
गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिला.
सही वाळायची वाट
पाहावी लागली नाही.