पिवळी पेटी

डंडी शहराला चढ फार.
आमच्या वसतिगृहाच्या कोपऱ्यावर एक पिवळी पेटी,
तीत वाळू मिसळलेलं तांबूस मीठ.
रस्ता गोठला की कुणीही फावडं घ्यावं, टाकावं,
अशी इथली रीत.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कचराकुंडी.
केळ्याचं साल टाकलं मी तीत.
(हे घरी कळवलेलं नाही.)

माझं नाव सुवार्ता.
इथल्या जिभांना ते पेलत नाही, म्हणून नुसतं सू.
रूअरीने एकदा अर्थ विचारला.
'चांगली बातमी,' म्हणाले.
'मग सांग की! काय बातमी?'
ओट्यावर चार दिवसांची भांडी,
सिंकमध्ये तरंगणारा पास्ता.
'बॉयलर बंद आहे,' म्हणाले मी.
तो हसला. मीही.
रात्री झोप येईना.
जालन्याच्या पाळकांची नात,
संडेस्कूलची सगळी वचनं तोंडपाठ,
आणि कुणी दार उघडून दिलं तर
बॉयलरचं सांगते?

पप्पा फोनवर विचारतात, 'साक्ष देतेस ना?'
'भांडी घासते.'
थोडा वेळ नुसती खरखर.
'दुसऱ्यांची पण?'
'दुसऱ्यांचीच जास्त.'
'बरं,' म्हणतात, आणि फोन मम्मीकडे देतात.

सगळी काही प्रेमानेच घासली, असंही नाही.
नोव्हेंबरात कुणीतरी माझा तवा
तारेच्या काथ्याने खरवडला,
तेव्हा मी दार आपटलं.
फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली, तीन उद्गारचिन्हांची,
आणि रविवारी प्रभुभोजनाला गेले
केस नीट विंचरून.
भाकरीचा तुकडा समोर आला,
हात वर होईना.
परत येऊन चिठ्ठी काढली.
टेपचा डाग अजून निघत नाही.

शुक्रवारी रात्री आम्ही पाचजण
क्लबच्या दाराबाहेर उभे असतो,
पाण्याच्या बाटल्या, रबरी चपलांची पिशवी,
उलटी आली तर केस धरायला एक हात मोकळा.
उपदेश करायचा नाही, हा नियम.
मला तो फार सोयीचा.

मॉर्वेन आली दीड वाजता, अनवाणी,
तुटलेली टाच मुठीत, तळव्यात काच.
हीच ती: प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी म्हणालेली,
'देवबिव माझ्यापुढे काढायचा नाही हं.'
फुटपाथवर गुडघे टेकले.
दगड इतका गार की हाडापर्यंत गेला.
रूअरीने मोबाइलचा उजेड धरला,
मी चिमटा.
'आता तू प्रार्थना करणार?' तिने विचारलं.
'आता तू पाय हलवू नकोस,' म्हणाले.
काच निघाली. तांदळाच्या कणीएवढी.
तळवा पुसून चप्पल घातली, निळी,
एक नंबर मोठी.

त्यावर पुढे काही बोलणं झालं नाही.
ती तशीच. मीही बरीचशी तशीच.

जानेवारीत, परीक्षेच्या सकाळी,
बाहेर फावड्याचा आवाज.
अंधार, टे नदीवरून येणारा वारा,
आणि मॉर्वेन, पायजम्यावर कोट,
पायात त्याच निळ्या चपला, आत दोन मोजे,
शिव्या घालत पायऱ्यांवर मीठ फेकतेय.
सहाला साफसफाईच्या बाई येतात,
गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या.
मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली,
'याचा तुझ्या देवाशी काही संबंध नाही.'
'बरं,' म्हणाले, अगदी पप्पांसारखं,
आणि दुसरं फावडं शोधलं.

बर्फ लगेच नाही विरत.
आधी कुरकुरतो, मग त्याला भोकं पडतात,
मग तांबडं पाणी गटाराकडे निघतं,
त्यातलं मीठ कुठलं, कुणी सांगावं.

पेटीच्या तळाशी फावडं अडलं.
मॉर्वेनने काहीतरी उचलून दिव्याखाली धरलं:
काळं, वाळकं, पण आकार तसाच्या तसा.
चार महिने मिठात राहिलेलं.
'कुठल्या गाढवाने टाकलं हे इथे?'

घसा नेहमीसारखा आवळला.
'मी,' म्हणाले.

ती इतक्या मोठ्याने हसली
की समोरच्या खिडकीत कुणीतरी दिवा लावला.