सात मिलिमीटर

दिवसभर मी लोकांचे गुडघे पाहते.
हलू नका म्हणते, बटण दाबते,
पडद्यावर उमटते दोन हाडांमधली फट,
कुणाची तांदळाएवढी, कुणाची केसाएवढी.
पोर्ट टॅलबटच्या भट्टीपुढे उभं राहून झिजलेले पुष्कळ.
भट्टी आता बंद आहे.
गुडघे येतच राहतात.

स्वतःचा फोटो मात्र मी काढलेला नाही.
चाळिशी सरत आली, तरी आठवड्यातून तीन संध्याकाळी
चॅपलमागच्या गळक्या हॉलमध्ये
नव्वद किलो पाठीवर घेऊन उकिडवी बसते
आणि उठते.
ग्लेनिस ओरडते, म्हणून उठते.

गेल्या महिन्यात उजवा गुडघा बोलायला लागला.
दुखत नाही, कुरकुरतो,
जिन्यात शेजारीण वळून बघेल इतपत.
आमचा हाडांचा डॉक्टर म्हणाला, या वयात, निरुपमा?
अक्कल गुडघ्यात म्हणतात ती हीच असावी.
असेलही. मग ती गरम ठेवलेली बरी.

तर खरेदी.
बिजागरीवाला पट्टा नको, तो पडून उठलेल्यांसाठी.
केमिस्टकडचा पातळ मोजा, वाटीपाशी भोक असलेला,
पाकिटावर लिहिलंय: कातडीच्या रंगाचा.
कुणाच्या कातडीच्या, ते लिहिलेलं नाही.
पाच मिलिमीटरचं रबर धावणाऱ्यांना पुरतं.
सात मिलिमीटरचं आमच्यासारख्यांचं,
किंमत अठ्ठेचाळीस पौंड,
एवढ्यात माझं आठवड्याचं वाणसामान येतं.

थांब, पैसे कशाला घालवतेस, म्हणत ग्लेनिसनं
पिशवीतून काढली अडीच मीटरची पट्टी,
लाल रेघेची, कडा उसवलेली.
एकोणनव्वद साली हिच्यात तिनं दीडशे उचललं होतं.
दात आवळून एकेक वेढा घातला तिनं,
माझी पोटरी जांभळी झाली, बोटं मुंग्यांनी भरली.

आई असती तर फोन केला असता.
गुडघ्याला बाशिंग ही म्हण
तिनं गल्लीतल्या प्रत्येक मुलीवर वापरली,
माझ्यावर वापरायची वेळच आली नाही
आणि त्याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटलं.
बघ, म्हटलं असतं, बांधलं एकदाचं,
दोन्ही गुडघ्यांना.

शंभर किलो. खाली गेले
आणि पट्टीनं मला वर फेकलं.
हॉलमधले दोघे टाळ्या वाजवत होते.
मी हसले, दांडा ठेवला,
खुर्चीत बसून वेढे सोडवताना
एवढंच मनात येत राहिलं:
उठलं कोण?

घरी शिवणाच्या डब्यातून टेप काढला.
पाय किंचित वाकवून, वाटीच्या मधोमध:
साडेसदतीस.
तक्त्यात बरोबर दोन मापांच्या रेघेवर.
ग्लेनिस म्हणाली लहान घे, घट्ट असलेलं बरं.
मी मोठं घेतलं. ती दोन दिवस बोलली नाही.

तरीही घालणं म्हणजे कुस्तीच.
तळव्यावर ब्रेडची रिकामी पिशवी चढवायची,
तिच्यावरून रबर ओढायचं, मग पिशवी खेचून काढायची.
ही युक्तीही ग्लेनिसचीच,
बोलायला लागल्यावर सांगितलेली.

हे रबर मला उचलत नाही.
पायाशी ऊब धरून बसतं, एवढंच.
शनिवारी पुन्हा शंभर.
खाली जाताना कुरकूर झाली,
रबराच्या आत दबलेली, पण ओळखीची.
वर यायला किती वेळ लागला कोण जाणे,
मधे एका जागी मी थांबलेच होते,
छतातून एक थेंब दांड्यावर पडला तो दिसला मला.
मग उठले.
ग्लेनिस वेल्शमध्ये काहीतरी पुटपुटली.
अर्थ विचारला नाही.

रात्री दोन्ही साबणाच्या पाण्यात घुसळली,
तरी वास गेला नाही.
आता रेडिएटरवर वाळतायत,
दोन काळी नळकांडी, मधेच वाकलेली,
कुणीतरी उठायच्या बेतात असल्यासारखी.