उतारशाळा

(दक्षिण युक्रेन, १९१९. शस्त्र न धरण्याची शपथ पाळणारं एक गाव.)

सभा क्विरिंगांच्या खळ्यात झाली,
कारण देवळात असा प्रश्न विचारायला
कुणाची जीभ रेटेना.
बायकांना मत नव्हतं. आम्हाला कॉफी करायची होती,
म्हणजे भाजलेल्या सातूची; खरी कॉफी
झारच्या आधीच गेली.
दाराच्या फटीतून मी सगळं ऐकलं.

आब्राम क्विरिंग म्हणाले,
चारशे वर्षांत आपण बुडवले गेलो, जाळले गेलो,
देशामागून देश सोडले,
पण सोडताना हात रिकामे होते.
बागेतल्या त्या रात्री कान कापला गेला,
तेव्हा प्रभूने काय केलं?
कान परत जोडला.

मग शाळामास्तर फ्रान्झ टोव्स उठला.
पंधरा दिवसांपूर्वी नदीकाठच्या वस्तीवर
त्याची बहीण...
ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.
म्हणाला, माझा दुसरा गाल मी पुढे करीन.
तिचा गाल पुढे करायचा हक्क
मला कुणी दिला?
शताधिपती आला होता ना प्रभूकडे, कमरेला तलवार लावून?
प्रभूने त्याचा नोकर बरा केला.
नोकरी सोड म्हणाला नाही.

न म्हणणं म्हणजे होकार नव्हे, कुणीतरी मागून.
घोडा चोरीला गेला की शिपायाला बोलावतोच आपण,
त्याच्या हातात काय असतं, मोरपीस?
लांडगा गोठ्यात शिरला तर?
लांडग्याला आत्मा नसतो.
आणि यांना आहे?

खळं इतकं गप्प झालं
की गवतातला उंदीर ऐकू आला.

हात वर झाले. मी मोजले नाहीत.
माझ्या डिर्कचा वर होता,
एकोणीस वर्षांचा हात, बाही आखूड झालेली.

बंदूक त्यानं पिठाच्या पेटीत लपवली.
आठवडाभर पावाला वंगणाचा वास.
आभार मानून आम्ही तोच पाव खाल्ला.

गुरुवारी रात्री ते आले.
तुतीच्या कुंपणापलीकडे घोडे फुरफुरले.
डिर्कनं एकदाच चाप ओढला.

गाव वाचलं. हे सांगायलाच हवं.
सकाळी टोव्सच्या मुली गाईची धार काढत होत्या,
जिवंत, एकमेकींवर खेकसत,
आणि हे वजन
कुठल्याही तराजूत मला हलकं करता येत नाही.

पण कुंपणात एकजण राहिला होता.
ओस्ताप. तीन सुगी आमचे घोडे हाकलेला,
कलिंगड बियांसकट गिळणारा.
पोटात गोळी.
त्यानं पाणी मागितलं ते आमच्या बोलीत.
तो शब्द त्याला मीच शिकवला होता.
मजुरीची घासाघीस मात्र आम्ही
त्याच्या बोलीत करायचो.

आता दोघंही माझ्या घरात आहेत,
एक खाटेवर, एक उंबऱ्यावर.
डिर्कच्या उजव्या कानात ती गोळी अजून वाजते,
हाक मारली तर वळत नाही.
तो कान कुणी जोडायचा?

रविवारी क्विरिंग शोमरोन्यावर बोलले.
नंतर अंगणात पुरुषांचा वाद,
त्या रस्त्यावर आपण नेमके कोण.
कुणी जखमी म्हणालं, कुणी शोमरोनी.
लुटारू कुणीच म्हणालं नाही.

त्या गोष्टीत आणखी एकजण आहे.
उतारशाळेचा रखवालदार.
दोन नाणी घेतो आणि पाणी तापत ठेवतो.
अंधारात आणून टाकलेला माणूस
लुटलेला की लुटणारा,
मध्यरात्री फडकं बदलताना
त्याला काय ठाऊक?
आणि ठाऊक झालं, तर?
ते लिहिलेलं नाही.

आज रात्री ते ओस्तापसाठी परत येतील म्हणतात.
डिर्कनं न विचारता पेटी उघडली.
तो गेल्यावर मी पीठ चाळायला घेतलं,
पाव तर लागणारच, कुणी का खाईना.
चाळणीत एक काडतूस उरलं.
मी ते फेकलं नाही.
ठेवलंही नाही.
पिठानं पांढरं झालेलं, हातात आहे अजून,
आणि चुलीवर पाणी उकळतंय.