खोडकिडा

मालगावच्या बागेत, छाटणीच्या आदल्या दिवशी
आदगोंडा उकिडवा बसलाय वेलीपाशी.
बुंध्याखाली भुसा. ताजा, ओलसर,
रात्री कुणी आत सुतारकाम केल्यासारखा.

बांधावर सात बाभळी होत्या.
तारा ओढताना आड येतात म्हणून पाडल्या,
त्यालाही एकोणीस वर्षं झाली.
हा भुंगा तिथला.
याच्या आज्या-पणज्यांना एकच चव ठाऊक:
तुरट, काळं, चिवट लाकूड.

आणि ही वेल?
खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसनचा डोळा,
पाणी नळीतून, मोजून.
पहिली मादी हिच्या सालीवर
किती वेळ घुटमळली असेल?
किती अंडी वाया गेली असतील
एक अळी तगायच्या आधी?

हातात सायकलची तार. समोर भोक.
शांतव्वा म्हणते, घाला की आता,
अष्टमी काल झाली.

तो खोडाला कान लावतो.
आत करकर. सावकाश, न थांबता.

त्याची जीभही अशीच वळली होती एकदा,
घरातल्या कानडीवरून
शाळेतल्या मराठीकडे.
पहिलं वर्षभर तो बोललाच नव्हता वर्गात.

तार त्यानं पुन्हा सरळ केली.
ती सरळच होती.