ताडपत्री : लागली तर

फाल्गुन सरला, चैत्राचे बारा दिवस गेले,
आणि येऊरच्या डोंगराने अजून काही ठरवलेलं नाही.

खाली उपवनच्या तळ्याशी शर्ट पाठीला चिकटतो,
वर नाक्यावरच्या वनरक्षकाने स्वेटर घातलाय.
मध्ये फक्त चढाची काही वळणं.
टेम्पो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढतो
आणि कुठल्याशा वळणावर हवा बदलते,
उगीच, कुणाला न विचारता.

मी वैती डेकोरेटर्समध्ये हिशेब लिहितो.
खांब एकशेवीस, पांढरं कापड सोळा ठाण,
कनाती, दिव्यांच्या माळा,
ताडपत्री दोन नग : लागली तर.
हे ‘लागली तर’ गेली अकरा वर्षं
होळीनंतरच्या प्रत्येक बिलावर मी लिहितोय.
त्याचे पैसे अजून कुणी हसत दिलेले नाहीत.

आज मढवींच्या धाकटीचं, प्राजक्तीचं लग्न.
गोरज मुहूर्त आणि डोक्यावर उघडं आकाश,
तेवढ्यासाठी तर तिने डोंगर धरलेला.

सकाळी आठला आभाळ घासून पालथं घातलेल्या परातीसारखं.
साडेदहाला मामा-भांजेच्या टोकावर
एक ढग येऊन बसला,
वरपक्षाचा की वधूपक्षाचा, कळेना.
मढवी म्हणाले, चढवा.
पोरांनी चढवली.
बाराला ऊन असं पडलं
की मांडवात इडलीपात्र झालं.
मढवी म्हणाले, उतरवा.
दोनला घोडबंदरकडून वारा सुटला,
खाडीचा वास घेऊन थेट इथवर.
कनाती फुगल्या, कमानीची निम्मी शेवंती
कुसुंबाच्या लालभडक पालवीत जाऊन अडकली.
मढवी काही म्हणाले नाहीत.
नुसते वर बघत राहिले,
कर्जाच्या फाइलवर सही होण्याची वाट बघावी तसे.

लॉनच्या कुंपणापलीकडे मोहाचं झाड.
त्याच्याखाली बारकीबाय,
कुठल्याशा टॉवरच्या जाहिरातीचा जुना फ्लेक्स अंथरून
त्यावर फुलं वाळत घालते.
‘चाव्या तयार आहेत’ या अक्षरांवर
पिवळट, गुबगुबीत, चिकट फुलं.
ढग आला की चारी कोपरे उचलून ती गाठोडं करते,
ऊन आलं की सोडते.
सकाळपासून किती वेळा, ते तिलाही आठवत नाही.
मी कुंपणाशी जाऊन विचारलं,
बाय, येईल का पाऊस?
ती म्हणाली, मना काय ठावं?
मी पन तंच बघतंय.

पाचला नवरीच बाहेर आली,
एका डोळ्यात काजळ, दुसरा तसाच.
तिने मांडव बघितला, बापाला बघितलं,
मग ढगाला, नीट, भाव करताना बघतात तसं.
म्हणाली, बाबा, एकच घाला.
म्हाताऱ्या माणसांवर.
आमच्यावर नको.

म्हणून एक चढली. दुसरी टेम्पोत पडून होती.
मी ती उचलून कुंपणापलीकडे दिली.
हे वैतींना अजून सांगितलेलं नाही.

अंतरपाट धरला तेव्हा वारा पुन्हा आला,
दोन्हीकडच्या मामांच्या हातातून तो शिडासारखा ओढू लागला.
भटजींनी मंगलाष्टकांची एक ओळ गाळली, की वाऱ्याने नेली.
आणि मग पडले थेंब.
अकरा, बारा.
मी हिशेबाचा माणूस, मोजले.
एक नवऱ्याच्या बाशिंगावर,
एक आचाऱ्याच्या तापल्या कढईत, चर्र,
एक माझ्या वहीवर, नेमका कनातींच्या आकड्यावर.
बाकीचे कुठे गेले, माहीत नाही.
कुणी उठलं नाही.
मढवी तेवढे ताडपत्रीखालून बाहेर आले
आणि उघड्यावर, लेकीच्या मागे जाऊन उभे राहिले,
टक्कल ओलं करत.

ढग तुळशीच्या बाजूला निघून गेला. जेवलासुद्धा नाही.

रात्री अकराला खांब उपटताना
पोरांना थंडी वाजत होती.
खाली शहर तापल्या तव्यासारखं लुकलुकत होतं.
वहीत मी लिहिलं :
ताडपत्री एक नग, मांडवावर.
एक नग,
आणि पुढे बराच वेळ काही सुचलं नाही.

ती सकाळी आणायची आहे.
सोमवारी कळव्यात साखरपुडा, गच्चीवर.
तिथेही ‘लागली तर’.
उघडली तर मोहाचा वास येईल.