न वाटलेली बाग

पहिल्याच भेटीत तिने चहाच्या डब्यातून
माझ्या टेबलावर अकरा दात ओतले.
दुधाचे. मुळांसकट, अखंड.
एकालाही कीड नव्हती.

यादिगार, वय साडेचार. गाव गिरेसूनच्या वर,
उतार असा की कोंबडीलाही म्हणे दावं लागतं,
आणि ऑगस्टात दारोदार हेझलनट वाळत पडलेले.
चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण खरी करायला
एवढंसं पोर कशाला हवं होतं?

बाप म्हणाला, हाताला बघा किती घट्टे,
फळं वेचून झाले असतील.
आई म्हणाली, ही कधी वेचायला आलीच नाही.
मी तळवे उलटून पाहिले. लाल, भेगाळलेले.
मोजे काढले. तळपायही तसेच.
हिरड्या बघायच्या आधीच मी विचारलं,
तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?

"चुलत," इल्यास म्हणाला. "बाग तुटू नये म्हणून."
आजोबाने दोन मुलांत बांध पडू दिला नाही,
नातवंडंच एकमेकांना देऊन टाकली.
त्याच्या रक्तात एक अक्षर चुकलेलं होतं.
तेही न वाटता राहिलं,
दोन्ही घरांतून चालत आलं
आणि या पोरीत एकमेकांना भेटलं.
यादिगार म्हणजे
मागे राहिलेल्याने जपायची वस्तू.

मी पावतीच्या मागे चित्र काढलं.
दाताच्या कडेला रात्रंदिवस पहारा असतो,
पांढऱ्या पेशी रक्तातून उतरून तिथे उभ्या राहतात.
हिच्याही राहतात. हाकेला धावतात, वेळेवर पोचतात.
फक्त हत्यार म्यानातून निघत नाही;
ते उपसून देणारं प्रथिन हिच्यात तयारच होत नाही.
मग त्या आणखी पेशींना बोलावतात, त्या आणखी,
सूज चढते, जंतू बसल्या जागी आरामात,
आणि हाड झिजतं
आपल्याच माणसांच्या गर्दीत.

"म्हणजे भित्र्या?"
नाही, म्हटलं. एकही पळून जात नाही.

त्याने खिशातून हिरवा घोस काढला,
एका देठाला चार फळं.
"चारात एक, असं ट्राब्झोनच्या बाई म्हणाल्या.
कोणतं, ते बाहेरून कळतं का?"
हामियेतने कोट पोटावर ओढून घेतला.
तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तपासणीचं नाव लिहून दिलं, अक्षर फार वाईट आलं.
उरलेले नऊ काढावे लागतील, हेही सांगितलं,
जंतूंना घर उरू नये,
म्हणजे सहाव्या वर्षी येणारे कदाचित टिकतील.
रोज घासायचं. दर महिन्याला यायचं. कदाचित.

यादिगारला यातलं काही ऐकायचं नव्हतं.
ती खुर्चीवर चढली, माझी हनुवटी धरली,
झाडाच्या सालीसारखा तो हात,
आणि एका बोटाने माझा पुढचा दात
हलतो का, ते तपासू लागली.
बराच वेळ.
मी तोंड उघडं ठेवलं.